मार, सर, आड

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत तुझं नाव गेलंय आणि त्याआधी तुला चार चालींची मात शिकून घ्यायची आहे. शिक की. आपल्या घरात प्रत्येकाचं बुद्धिबळ तिथूनच सुरू झालंय. फक्त मला जशी सांगितली गेली त्याच क्रमानं सांगेन. मधलं गाळून शेवटची चाल विचारशील तर मिळणार नाही.

मला ती मोठेबाबांनी शिकवली. माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आलापल्लीला लाकूड डेपोत हिशेब लिहायचे, दिवसभर सागाचे लठ्ठे मोजायचे. त्यांचा पट सागाच्याच फळीवर कोळशानं आखलेला होता आणि मोहरे बांबूच्या पेरांचे, उंचीवरून ओळखायचे. काळ्यांकडचे चुलीवर धरून काळे केलेले. आपल्याकडे हा खेळ उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रंगायचा, आणि त्याला कारण आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पहाटे तेंदूची पानं तोडून आणायची, पुडे बांधायचे, आणि मग ऊन उतरेपर्यंत कोणी उंबऱ्याबाहेर पडत नाही. पावसाळ्यात भामरागडकडे पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की एसटी थांबते आणि पलीकडची गावं तुटून पडतात. अशा दिवसांत पटाभोवती चारपाच डोकी जमायची. दोघं खेळायचे आणि बाकीचे न विचारता सल्ले द्यायचे.

मोठेबाबांच्या लहानपणी देशी पद्धत होती. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता यायची. तुमच्या स्पर्धेत यातलं काही चालत नाही. गावात एखाद्या आजोबानं तुला तसं खेळवलं तर मजेनं खेळ, पण तालुक्याला जाताना ते घरी ठेवून जा.

आता पट मांड. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे. वजीर आपल्या रंगाच्या घरावर, पांढरा पांढऱ्यावर, काळा काळ्यावर. हसू नकोस. पट आडवा मांडून अर्धा डाव खेळलेली पोरं मी शाळेत पाहिली आहेत, आणि पंचानं येऊन पट फिरवायला लावला की त्यांचा सगळा धीर जातो. घरांची नावं तुला येतात: उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८. मोठेबाबा नावं वापरत नव्हते, ‘राजाच्या उंटापुढचं प्यादं’ असं म्हणायचे. दोन्ही शिकून ठेव, कारण जुनी माणसं तसंच सांगतील.

त्यांचा कानमंत्र तीन शब्दांचा होता: मार, सर, आड. राजावर शह आला की सुटकेच्या एवढ्याच वाटा असतात. शह देणाऱ्याला मार. ते जमत नसेल तर राजा बाजूच्या घरात सर. तेही नसेल तर दोघांच्या मध्ये आपलं काहीतरी आड घाल. तिन्ही वाटा बंद झाल्या की मात. घोडा शह देत असेल तर आड घालताच येत नाही, तो उडून येतो. मग उरतात दोनच. वजीर अगदी खेटून उभा राहून शह देत असेल तरी आड घालायला मध्ये घर नसतं. ही दुसरी गोष्ट लक्षात धर, पुढे लागणार आहे.

हे तीन शब्द शह खाणाऱ्यासाठी आहेत असं कोणालाही वाटेल. मोठेबाबा ते देणाऱ्याकडून म्हणवून घ्यायचे. मी वजीर उचलून ‘मात!’ म्हणायला तोंड उघडलं की म्हणायचे, “काहून घाई करून राह्यली गा पोरी? आधी त्याच्याकडून पाह्य. तो मारते का, सरते का, आड येते का.” तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तरच मोहरा खाली ठेवायचा. शाळेत शिकवत होते तेव्हा मी हेच फळ्यावर लिहून ठेवायचे, आणि मुलं पाठ करायची त्यापेक्षा लवकर विसरायची. तू विसरू नकोस.

आता ती जागा. चंद्रपूरचा परकोट तू पाहिला आहेस. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे, त्यांच्यावर गोंड राजांचं चिन्ह, हत्तीवर चढलेला सिंह. पण त्याच तटाला पाच खिडक्याही आहेत: चोर, विठोबा, हनुमान, मसण आणि बगड. दरवाज्यावर पहारा मोठा असतो, खिडकीवर थोडा. पटावर डाव मांडलेला असताना काळ्या राजाच्या बाजूलाही अशी एक खिडकी आहे. ती एफ७.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ. डी७ वरच्या प्याद्याला चौघांचा जोर आहे: राजा, वजीर, एक उंट आणि एक घोडा. ई७ ला तसेच चौघे. जी७ ला उंटाचा, एच७ ला हत्तीचा. पलीकडे सी७ ला वजिराचा, बी७ ला उंटाचा, ए७ ला हत्तीचा. आणि एफ७ ला? फक्त राजाचा. आठ प्याद्यांमध्ये हे एकच असं आहे की ज्याचा राखणदार राजा एकटा आहे. राजा राखणदार म्हणून फार कमकुवत, कारण जिथं शत्रूचा जोर पोचतो त्या घरात त्याला पाऊल ठेवता येत नाही. सगळी गोम यात आहे. पांढऱ्यांकडे हीच खिडकी एफ२ वर असते, म्हणजे तुलाही आहे.

चाली आता. तू पांढऱ्यांकडून खेळतेस.

पहिली चाल, राजापुढचं प्यादं दोन घरं, ई४. त्यानं उंटाची आणि वजिराची, दोघांचीही वाट मोकळी होते. समोरचा बहुतेक वेळा तेच करतो, ई५.

दुसरी चाल, राजाकडचा उंट सी४ वर. तिथून तो तिरका थेट एफ७ कडे बघतो. समोरचा घोडा काढतो, सी६ वर. चांगली चाल आहे, त्यात चूक काही नाही.

तिसरी चाल, वजीर एच५ वर. आता एफ७ वर दोघांची नजर आहे, उंटाची आणि वजिराची. आणि इथं नवखा खेळाडू हमखास फसतो. तो बघतो की पांढऱ्याचा वजीर एकटाच पुढे आलाय. त्याला वाटतं, याला हुसकावू. मग तो दुसरा घोडा एफ६ वर आणतो, वजिरावर मारा करत. चाल दिसायला इतकी शहाणी दिसते की त्याला स्वतःचं कौतुक वाटतं.

चौथी चाल, वजिरानं एफ७ वरचं प्यादं मार. मात.

थांब, म्हण तीन शब्द. मार: वजिराला मारू शकेल असा शेजारी फक्त राजा आहे, आणि राजानं मारलं तर तो सी४ वरच्या उंटाच्या तोंडात जातो. चालत नाही. सर: राजाच्या भोवती डी८ वर त्याचाच वजीर, एफ८ वर त्याचाच उंट, डी७ वर त्याचंच प्यादं. एक ई७ रिकामं आहे, पण तिथं तुझ्या वजिराचा मारा. चालत नाही. आड: वजीर राजाला खेटून आहे, मध्ये घर नाही. संपलं.

आता मोठेबाबांची खरी शिकवण. हा डाव मला दाखवून झाल्यावर त्यांनी पट तसाच ठेवला आणि सी४ वरचा उंट उचलून बाजूला काढला. म्हणाले, “आता?” आता राजा आरामात वजीर खातो आणि डाव पांढऱ्याचाच संपतो. म्हणजे पोरी, मात वजिरानं दिली असं दिसतं, पण ती दिली होती दोन चालींपूर्वी गुपचूप येऊन बसलेल्या उंटानं. वजीर म्हणजे फक्त दारात उभा राहिलेला माणूस. मागचा जोर नसेल तर तो मेला. या चार चालींतून एवढंच उचलायचं आहे: हल्ला करणारा मोहरा बघण्याआधी त्याच्या मागे कोण आहे ते बघायचं. बाकी ही मात तुला आयुष्यात फार तर पहिल्या एकदोन स्पर्धांत कामाला येईल.

खरं वाटत नसेल तर वजिराशिवायची मात दाखवते. ही आपल्याकडची नाही, अठराव्या शतकातल्या पॅरिसची. तिथं कॅफे द ला रेजांस नावाच्या उपाहारगृहात बुद्धिबळवाल्यांचा अड्डा होता आणि लेगाल नावाचे गृहस्थ तिथले पट्टीचे खेळाडू. पुढे जगभर गाजलेला फिलिदोर त्यांच्याच हाताखाली तयार झाला. लेगाल यांच्या नावानं जी मात ओळखली जाते ती अशी मांड: ई४ ई५, मग पांढरा घोडा एफ३ वर, काळं प्यादं डी६. पांढरा उंट सी४, काळा उंट जी४, म्हणजे पांढऱ्याचा घोडा अडकला. तो हलला तर मागचा वजीर जाईल. पांढरा दुसरा घोडा सी३ वर काढतो, काळा जी६ अशी एक निरुद्योगी चाल करतो. आणि आता पांढरा अडकलेला घोडाच उचलून ई५ वरचं प्यादं मारतो. काळ्याला वजीर फुकट दिसतो, तो डी१ वर झडप घालतो. मग उंटानं एफ७ मार, शह. राजाला जायला एकच जागा, ई७. आणि सी३ वरचा घोडा डी५ वर. मात. वजीर केव्हाचा डब्यात पडलाय, आणि दोन घोडे व एक उंट एकमेकांना जोर देत उभे आहेत. तीन शब्द म्हणून प्रत्येक घर तपास. मला हे तपासायला खूप वेळ लागला होता, तुलाही लागू दे. आणि हेही शोध की काळ्यानं वजीर न खाता काय करायला हवं होतं. उत्तर मी सांगणार नाही, पण ई५ कडे बघ.

आता उलट बाजू, आणि स्पर्धेत ती जास्त महत्त्वाची, कारण तिथं आलेल्या निम्म्या पोरांना चार चालींची मात येत असते आणि ती तुझ्यावरच चालवली जाणार आहे. तू काळ्यांकडून बसली आहेस, समोरच्यानं उंट सी४ आणि वजीर एच५ वर आणलाय. घाबरायचं नाही. तुझा एक घोडा सी६ वर आलेला आहे ना? मग जी७ चं प्यादं एक घर, जी६. वजिरावर मारा बसला, आणि त्याची एफ७ वरची नजरही तुटली. तो मागे एफ३ वर येईल, पुन्हा एफ७ वर डोळा ठेवून. आता मात्र घोडा एफ६ वर काढ. मघाशी जी चाल घातक होती तीच आता उत्तम आहे, कारण घोडा वजीर आणि एफ७ यांच्या मध्ये आड उभा राहतो. आणि पट बघ. तुझे दोन घोडे बाहेर आलेत. त्याचा वजीर दोनदा हिंडून आलाय आणि जिथं बसलाय ते त्याच्याच घोड्याचं सगळ्यांत चांगलं घर आहे. इथून पुढे तुझाच डाव बरा.

पण क्रम सोडायचा नाही. काही पोरं उंट न काढता दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर घेऊन येतात. तेव्हा घाईनं जी६ केलंस तर मेलीस. वजीर ई५ चं प्यादं खातो, शह देतो, आणि त्याच माऱ्यात कोपऱ्यातला हत्तीही असतो. शह आवरेस्तोवर हत्ती गेला. म्हणून आधी सी६ वर घोडा काढून ई५ ला जोर द्यायचा, मग जी६. मोठेबाबा याला ‘आधी घोडा, मग प्यादं’ म्हणायचे. तळहातावर लिहून ठेवायचं असेल तर हे लिही. पण तळहात घेऊन स्पर्धेला जाऊ नकोस, पंच बाहेर काढतील.

मग ती तिसरी चाल आठव, काळ्याचा घोडा एफ६ वर येतो आणि डाव संपतो ती. तो पोरगा मूर्ख नसतो. त्यानं पाहिलं की आपण कोणावर मारा करतोय; आपल्यावर काय येतंय ते पाहायचं राहून गेलं. समोरच्यानं चाल केली की पहिला प्रश्न हाच: यानं ही का केली? मग आपली हुशारी.

आणि ही मात कुठं वापरू नये तेही सांगते. दोन डावांनंतर समोरच्याला बचाव येतोय असं दिसलं की सोडून दे. समोरचा चुकेल या भरवशावर चाल करायची सवय लागली की ती जाता जात नाही, आणि वजीर दुसऱ्यातिसऱ्या चालीला बाहेर काढणारं पोरगं वर्षभर तिथंच फिरत राहतं. मोठेबाबा महिनाभर मला ही मात चालवू देत होते. मग एके दिवशी म्हणाले, आता पहिल्या आठ चालींत वजिराला हात लावायचा नाही. राग आला होता मला. पण घोडे, उंट बाहेर काढायला शिकले ती तेव्हा.

दोन चालींची मातही आहे, ती फक्त पाहून ठेव. पांढऱ्यानं एफ३ आणि जी४ अशी दोन प्यादी सरकवली आणि काळ्यानं मध्ये ई५ केलं असेल, तर काळा वजीर एच४ वर येऊन मात देतो. याहून झटपट मात बुद्धिबळात नाही. हे कोणावर चालवता येत नाही, समोरच्यानं स्वतःचीच वाट लावून घ्यावी लागते. यातून घ्यायचं ते इतकंच की राजाजवळच्या एफ प्याद्याला कारणाशिवाय हात लावायचा नाही.

मोठी माणसंही यात सापडतात. २०१४ च्या जानेवारीत टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात बिल गेट्स जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनबरोबर खेळायला बसले. नऊ चालींत मात. कार्लसन काळ्यांकडून होता. गेट्स यांनी किल्लेकोट करून राजा जी१ वर नेला होता. तिथं गेल्यावर नाजूक घर बदलतं, एफ२ ऐवजी एच२ सांभाळावं लागतं. एच२ ला दोघे राखणदार होते, राजा आणि एफ३ वरचा घोडा. कार्लसननं एक घोडा ई५ वर फुकट ठेवल्यासारखा ठेवला होता, आणि दुसरा जी४ वर आणून बसवला. गेट्स यांच्या घोड्यानं ई५ वरचा घोडा खाल्ला. झालं, राखणदार निघून गेला आणि राजा एकटा उरला. वजीर एच२ वर, मागे जी४ च्या घोड्याचा जोर. मघाची आपली चार चालींचीच गोष्ट, घर तेवढं वेगळं. फुकट काही मिळतंय असं दिसलं की आधी विचार, माझा हा मोहरा इथं काय राखत होता?

किल्लेकोटाचं निघालंय तर तेही घे. राजा कोपऱ्याकडे नेऊन पुढे तीन प्यादी तशीच ठेवली की पोरांना वाटतं तट पक्का झाला. मग शेवटच्या ओळीवर एक हत्ती किंवा वजीर येऊन बसतो आणि राजा आपल्याच प्याद्यांमागे गुदमरून मरतो. तिथं सरायला जागा नसते, कारण वाट त्याच्याच माणसांनी अडवलेली असते. म्हणून डाव थोडा निवळला की एच प्यादं एक घर पुढे टाक. परकोटाला खिडकी असते ती शत्रूसाठीच असते असं नाही, आतल्या माणसालाही कधी बाहेर पडावं लागतं. फक्त ती चाल वेळ असेल तेव्हा कर. शह बसल्यावर खिडकी फोडायला कोणी थांबत नाही.

स्पर्धेच्या ठिकाणचं थोडं. ज्या मोहऱ्याला हात लावलास तोच खेळावा लागतो. वाकडा मोहरा नीट बसवायचा असेल तर आधी सांग, मग हात लाव. घरी आपण ‘चाल परत घेते’ म्हणतो, तिथं नाही. घड्याळ असेल तर ज्या हातानं चाल करशील त्याच हातानं दाब. मात दिली की राजा उचलून खायचा नसतो, डाव तिथंच संपतो. हात मिळव आणि पंचांना सांग. समोरच्यानं ‘मात’ म्हटलं म्हणून लगेच हात पुढे करायचा नाही. तीन शब्द स्वतःशी म्हण. ज्याला मात म्हणतात तो पुष्कळदा नुसता शह असतो, आणि घाबरून डाव सोडणारी मुलं मी ओळीनं पाहिली आहेत. समोर मोठा, उंच, नागपूरहून नवीन आलेला मुलगा बसला तरी एफ७ त्यालाही एकच आहे.

मुलगी म्हणून कोणी बाजूला बसवलं तर ऐकून घेऊ नकोस. मी शिकले तेव्हा पटाशी बसणारी मुलगी म्हणजे लोकांना नवल होतं. मोठेबाबा वर्तमानपत्रात खाडिलकर बहिणींबद्दल आलं की वाचून दाखवायचे. १९७४ साली बंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. धाकट्या रोहिणी १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या. ते मुंबईचं, आपल्यापासून लांबचं वाटायचं. आता तसं उरलेलं नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली, तोही कोनेरू हंपीला हरवून. नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, मग जलद डाव झाले, त्यातला दुसरा तिनं काळ्या मोहऱ्यांनी घेतला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि त्याच विजयानं ग्रँडमास्टर झाली, भारताची अठ्ठ्याऐंशीवी. शालेय स्पर्धेत तालुका, मग जिल्हा, मग विभाग अशी पायरी असते, आणि गडचिरोली आणि चंद्रपूर नागपूर विभागातच येतात.

शेवटचं सांगायचं राहतं ते जिंकत आलेल्या डावाचं, कारण मात शिकलेली मुलं तिथंच डाव घालवतात. समोर एकटा राजा उरलाय, तुझ्याकडे वजीर आहे, आणि तुला मात द्यायची घाई झालीय. तुझी चाल झाल्यावर त्याच्या राजावर शह नसेल आणि त्याला एकही चाल करता येत नसेल, तर डाव कुजित होतो, म्हणजे बरोबरी. एवढं सगळं कमावून अर्धा गुण. इथं मार, सर, आड उपयोगाचं नाही, कारण ते शह बसल्यावरचं आहे. इथं दुसरा प्रश्न: मी ही चाल केल्यावर त्याच्याकडे एक तरी चाल उरते का? त्याचा राजा कोपऱ्यात अडकला असेल तेव्हा तर जास्त जप. समज तो ए८ वर आहे आणि तू वजीर बी६ वर ठेवलास; ए७, बी७, बी८ तिन्ही घरं वजिराच्या माऱ्यात, आणि राजावर शह नाही. कुजित. कोपऱ्यातल्या राजापासून वजीर घोड्याच्या अडीच घरांवर कधी ठेवायचा नाही. त्यापेक्षा वजिरानं त्याला काठाच्या ओळीवर कोंडून ठेव आणि आपला राजा चालत चालत जवळ आण, कारण वजिराला जोर द्यायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही. आज झोपण्याआधी पट मांडून हेच कर, राजा आणि वजीर विरुद्ध एकटा राजा. काळ्यांकडून मी बसते.